जानेवारीतली पाठवणी

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

ऑगस्टमध्ये मुलाला कॉलेजात सोडायला आपण किती तयारीनिशी जातो, ते आठवा. मोठी गाडी भाड्याने घेतो, डॉर्मच्या लांबुडक्या पलंगाला बसतील अशा चादरी शोधून आणतो, दोघंही रजा टाकतो, धाकट्या भावंडालाही सोबत नेतो. कॉलेजवाले पालकांसाठी कार्यक्रम ठेवतात. डोळे पुसायला जागा मिळते, वेळ मिळतो, आणि शेजारी तशीच डोळे पुसणारी चार माणसं असतात. रात्री पुण्या-नागपूरहून आजी-आजोबांचा फोन येतो, "लागली का खोली नीट?" हिवाळ्याची सुट्टी संपवून मूल जानेवारीत कॉलेजला परत निघतं, तेव्हा यातलं काहीही नसतं. एक बॅग, पाठीवर एक सॅक. नेवार्क विमानतळावर डिपार्चरला गाडी थांबवायची, मागचा हॉर्न मारतोय म्हणून अर्धवट मिठी मारायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. कुणी विचारत नाही, कारण मूल तर आधीच गेलेलं असतं.

मी एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते. कुठले विषय घ्यायचे, कुठला सोडायचा, नापास झालं तर पुढे काय, हे माझं रोजचं काम. मला स्वतःला दोन मुलं आहेत. दोन्हीकडून बघून मी सांगते, की जानेवारीतलं जाणं ऑगस्टपेक्षा अवघड असतं, मुलांना आणि आईबापांनाही. त्याला कुणी 'जाणं' म्हणत नाही, म्हणून ते आणखी अवघड होतं.

ऑगस्टमध्ये आपल्याला काय सहन करायचं आहे, हेच माहीत नसतं. सप्टेंबर, ऑक्टोबर कसे तरी जातात आणि हळूहळू घर नव्या मापाचं होतं. दुधाचा एकच गॅलन आणायचा हे अंगवळणी पडतं. थँक्सगिव्हिंगला चार दिवसांची धावती भेट होते. मग डिसेंबरच्या मध्यावर परीक्षा संपतात आणि मूल तीन-चार आठवडे घरी राहतं. घर पुन्हा जुन्या मापाचं होतं. दारात बूट, सोफ्यावर जॅकेट, रात्री दीडला स्वयंपाकघरातून मॅगीचा वास. आणि या सगळ्याची पुन्हा सवय होते न होते, तोच जायची तारीख येते. मिशिगन किंवा जॉर्जिया टेकवाली मुलं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच गेलेली असतात. आपल्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या, म्हणजे जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीनंतर सुरू होतात. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरी शुकशुकाट असतो आणि दुसऱ्या घरी अजून गुळपोळ्या लाटणं चालू असतं.

पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही, पण मनातून गेलेला नाही, आणि त्याच्यासाठी शोकही करता येत नाही, अशी ती अवस्था. त्या कुटुंबांच्या दुःखाशी आपल्या दुःखाची बरोबरी करायची नाही, मुळीच नाही. पण नंतर बॉस यांनी हाच विचार देश सोडून गेलेल्यांच्या घरांनाही लावला, म्हणून मला तो इथे जवळचा वाटतो. मूल सुखरूप आहे, शिकतं आहे, सगळं मनासारखं चाललं आहे, मग रडायचं कशाला, असं आपण स्वतःलाच दटावतो. माझं म्हणणं आहे, रडावं. कारण शोधत बसू नये.

आता त्या तीन-चार आठवड्यांत घडतं काय? पहिले काही दिवस मूल नुसतं झोपतं. बारा-बारा, एक-एक वाजेपर्यंत. आपण ठरवलेलं असतं की मावशीकडे एडिसनला जायचं, मंदिरात जायचं, आणि हा उठतच नाही. परीक्षेचा आठवडा या मुलांनी कसा काढलेला असतो, ते मी जवळून बघते. त्या झोपेला आळस म्हणू नका. पण खरी ठिणगी पडते ती दुसऱ्या आठवड्यात. रात्री साडेअकराला लेक गाडीची किल्ली मागते. आपण विचारतो, "आत्ता? कुणाबरोबर? परत कधी?" ती म्हणते, "ममा, चार महिने मी रोज रात्री कुठे होते हे तुला कुठे माहीत होतं?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं, म्हणून आपण आवाज चढवतो.

जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली या वयाबद्दल एक मांडणी केली, ती आता सर्वत्र शिकवली जाते. अठरा ते पंचविशीच्या मुलांना विचारलं, की तुम्ही मोठे झालात का, तर बहुतेकांचं उत्तर असतं, काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही. मला हे फार प्रामाणिक उत्तर वाटतं. तीच लेक रात्री एकला परत येते आणि सकाळी ताप आला म्हणून आईच्या मांडीवर डोकं ठेवते. दोन्ही तीच आहे. सुट्टीत आपण तिच्यातल्या लहान मुलीला घट्ट धरतो, आणि जानेवारीत निघते ती मोठी मुलगी. निघायच्या आदल्या दोन दिवसांत घरोघरी जी भांडणं होतात, बॅग भरण्यावरून, खोली आवरण्यावरून, ती मला यातूनच आलेली दिसतात. भांडून निघणं सोपं जातं. म्हणून शेवटच्या दिवसाचं भांडण मनाला लावून घेऊ नका, आणि ते मिटवायच्या आत गाडी निघाली तर रात्री दोन ओळींचा मेसेज टाका.

एका गोष्टीबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. महत्त्वाच्या गोष्टी मुलं शेवटच्या तासात सांगतात. चार आठवडे घरात होता, रोज एका टेबलावर जेवलात, तेव्हा अवाक्षर काढलं नाही. आणि टर्नपाइकवर, विमानतळ वीस मिनिटांवर असताना म्हणतो, "बाबा, मला कॉम्प्युटर सायन्स नाही जमत. मी बदलतोय." माझ्या ऑफिसात जानेवारीच्या शेवटी मुलं येतात, त्यांना मी विचारते, "घरी सांगितलंस का?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, जाताना गाडीत." याला कारणं आहेत. गाडीत कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. बोलणं कितीही बिघडलं तरी ते किती वेळ चालणार, हे माहीत असतं. आणि त्यानंतर महिनाभर एका घरात राहायचं नसतं. सांगायचं तर असतंच, फक्त सुरक्षित जागा हवी असते.

अशा वेळी बाबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "आत्ता सांगतोयस?" नाही तर, "किती पैसे भरलेत माहितीये का?" माझी हात जोडून विनंती आहे, ही दोन वाक्यं त्या गाडीत नकोत. "सांगितलंस ते बरं झालं. शनिवारी निवांत बोलू," एवढंच म्हणा. आणि शनिवारी खरंच बोला, त्याला काय काय अवघड गेलं ते आधी ऐकून घ्या. पहिल्या सत्राचे मार्क डिसेंबरअखेर ऑनलाइन लागलेले असतात. बहुतेक ठिकाणी चारपैकी सरासरी २.० च्या खाली गेली, तर कॉलेज प्रोबेशनचं, म्हणजे मार्क सुधारा अशा ताकिदीचं पत्र देतं. ते पत्र खिशात ठेवून मूल महिनाभर तुमच्याबरोबर हसलं-खेळलं असेल. प्रोबेशन म्हणजे हकालपट्टी नव्हे. बहुतेक मुलं सल्लागाराला भेटून, एखादा विषय कमी करून त्यातून बाहेर येतात. घरच्यांना कळलेलं असलं की ती आमच्याकडे लवकर येतात, एवढं मी खात्रीने सांगते.

मार्कांचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुम्ही आम्हाला फोन करून मुलाचे मार्क विचारलेत, तर आम्ही सांगू शकत नाही. १९७४ चा फेर्पा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक माहितीवरचा हक्क त्याचा. तुम्ही त्याला करासाठी अवलंबित दाखवत असाल तर कॉलेज सांगू शकतं, पण सांगायला बांधील नाही. अठरा पूर्ण झाल्यावर डॉक्टरांचंही तसंच. म्हणून तो घरी असताना, किंवा आता मार्चच्या सुट्टीत, तुमच्या राज्याचा हेल्थ केअर प्रॉक्सीचा फॉर्म, म्हणजे त्याला स्वतःला ठरवता येत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे याचा, त्याच्याशी बोलून भरून ठेवा. त्याचा आरोग्य विमा तुमच्या पॉलिसीवर तो सव्वीस वर्षांचा होईपर्यंत चालतो, त्याचं कार्ड त्याच्या पाकिटात आहे का, बघा. आणि हो, तूप आणि लोणचं हातातल्या सामानात देऊ नका, शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकतं. चेक-इनच्या बॅगेत घाला. मेतकूट, भाजणी, तिळाच्या वड्या खुशाल हातात द्या.

आता फोन. आपल्यापैकी बरेच जण इथे एकटे आलो, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडे रात्री आठला, घरी फोन. कॉलिंग कार्डावरचा पट्टा नाण्याने खरवडायचा, लांबलचक आकडे दाबायचे, मग ती बाई सांगायची किती मिनिटं उरलीत. आई विचारायची, "जेवलास का?" आपण म्हणायचो, "हो, सगळं छान आहे." हीटर बंद पडलाय, रूममेटशी बोलणं बंद आहे, यातलं काही सांगायचो नाही, कारण तिकडे ती रात्रभर जागी राहिली असती. फोन ठेवल्यावर आई काय करत होती, हे आपण कधी पाहिलं नाही. ते आता आपल्याला कळतं आहे. माझ्या वयाच्या बायका मला सांगतात, की मूल कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा आईला विचारलं, "मी गेले तेव्हा तू काय केलंस?" ज्यांची आई आहे, त्यांनी जरूर विचारावं.

पण आपल्यात आणि आपल्या मुलांत एक मोठा फरक आहे. तेव्हा मिनिटं कमी होती, म्हणून आठवडाभराची काळजी एका फोनात मावत होती. आता फोनवर नकाशा आहे आणि नकाशावर मुलाचा ठिपका आहे. रात्री दोनला जाग येते, ठिपका लायब्ररीत दिसतो, झोप लागते. ठिपका भलत्याच रस्त्यावर दिसला की पहाट होईस्तोवर डोळ्याला डोळा नाही. माझं मत स्पष्ट आहे, हा ठिपका बघणं बंद करावं. त्यातून मुलाची सुरक्षितता वाढत नाही आणि तुमची झोप जाते. ज्यांना एकदम जमणार नाही, त्यांनी मुलाशी ठरवून ठेवावं, की फक्त प्रवासाच्या दिवशी चालू. त्यापेक्षा रूममेटचा नंबर मुलाच्या परवानगीने घेऊन ठेवा आणि तो खरोखर गरज पडली तरच वापरा.

मेसेज जरूर करा, पण प्रत्येक मेसेजला प्रश्नचिन्ह नको. "जेवलीस का?", "उचलत का नाहीस?", "झोपलीस का?" याची तिकडे एक रांग लागते. आज भरली वांगी केली, हा त्याचा फोटो. अंगणात बर्फ किती साचलाय, हा फोटो. उत्तर द्यायची सक्ती नसलेले मेसेज ती मुलं वाचतात, मैत्रिणींना दाखवतात, हे मी माझ्या ऑफिसात बसून पाहिलं आहे. आठवड्याच्या फोनची वेळ मुलांना ठरवू द्या.

शांतता आणि एकटेपणा यांत फरक करायला मात्र शिकलं पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीत दिवस लहान, थंडी कडक, आणि पहिल्या सत्रातलं नवेपण ओसरलेलं. मूल चार दिवस कमी बोललं तर ते कामात असेल. पण वर्गातच जात नाही, दिवसभर झोपून आहे, जेवण तुटलंय, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं काही बोलतं, तर वाट बघू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" आपल्या घरांत हा प्रश्न तोंडातून निघत नाही. विचारल्याने तो विचार मनात शिरेल अशी भीती वाटते. तसं होत नाही. उलट विचारलं की मुलाला बोलता येतं. ९८८ हा आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकट यांसाठीच्या मदतीचा नंबर जुलै २०२२ पासून अमेरिकाभर चालू आहे, फोन करता येतो, टेक्स्टही करता येतो, चोवीस तास. तो पालकांनीही वापरावा. कॉलेजच्या समुपदेशन केंद्राकडेही पालक आपली काळजी कळवू शकतात. ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतील.

घरात उरलेल्यांबद्दलही बोलायला हवं. नवरा-बायकोंचं मी फार बोलत नाही, ते ज्याचं त्याने बघावं. धाकट्या भावंडाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. दादा आला की घरात सण, दादा गेला की आई गप्प. पंधरा वर्षांच्या त्या मुलीला एक महिना तिचा भाऊ परत मिळाला होता आणि आता पुन्हा जेवणाच्या टेबलावर दोन मोठी माणसं आणि ती. आपली सगळी काळजी, सगळे प्रश्न आता तिच्यावर येतात. शक्य असेल तर या महिन्यात तिच्या आवडीचं एखादं काम तिच्याबरोबर करा, अभ्यासाचं सोडून.

आणि काही घरांत मूल या जानेवारीत परत गेलेलंच नाही. तब्येतीमुळे, मार्कांमुळे, मनाच्या दुखण्यामुळे एक सत्र रजा घेऊन ते घरी आहे. ती आई आज या सभागृहात नाही, कारण इथे आल्यावर पहिला प्रश्न काय येणार, हे तिला माहीत आहे. तिच्या घरी तिळगूळ घेऊन जा आणि त्या मुलाशी क्रिकेटवर बोला, गाण्यावर बोला. ज्यांच्या घरी असं आहे, त्यांच्यापर्यंत एवढी माहिती पोचवा. अशी रजा बहुतेक कॉलेजांत रीतसर मिळते आणि परत येण्याचीही ठरलेली पद्धत असते. परत येण्याच्या अर्जाची शेवटची तारीख बऱ्याचदा सत्र सुरू होण्याच्या खूप आधी असते, ती आत्ताच विचारून घ्या. सरकारी विद्यार्थी कर्ज असेल, तर शिक्षण अर्ध्या वेळेच्या खाली आल्यावर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात, तेही लिहून ठेवा. कॉलेजशी फोनवर मुलाने स्वतः बोलावं. आई किंवा बाबा शेजारी बसलेले असले, तरी आमची काही हरकत नसते.