२५ मिनिटांची छाया

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू दातांच्या एक्स-रेबद्दल आणि त्यात कीड शोधणाऱ्या एआयबद्दल.

१८९५च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढच्या जानेवारीतच ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहोफ या दंतवैद्याने दाताचा एक्स-रे काढला, तोही स्वतःच्या. काचेची फोटोपट्टी घेतली. उजेड शिरू नये म्हणून काळा कागद, थुंकी लागू नये म्हणून वर रबर, असं गुंडाळून ती तोंडात धरली. आणि न हलता राहिला. किती वेळ? २५ मिनिटं! जबडा ताणलेला, तोंडात काच, गिळायचीही चोरी. जरा हललं की छाया फिसकटणार. एवढं सोसून हाती आली ती दाढांची पुसट सावली. किरणांचा धोका तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. पहिला त्रास स्वतःच्या जिवाला देणाऱ्या या वैद्याबद्दल मला फार आदर आहे.

आज फोटोपट्टीच्या जागी तोंडात छोटा सेन्सर ठेवला की सेकंदाच्या अंशात काम होतं. मग एआयचं सॉफ्टवेअर किडीचा संशय असेल त्या जागी रंगीत चौकट काढतं. पण तेही पाहतं ती छायाच. पुन्हा सांगतो, छायाच.

चुकतं कुठे? किरणाचा कोन बिघडला की शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि फटीतली कीड लपते. हिरडीजवळ दाताची मान बारीक असते, तिथून किरण जास्त आरपार जातात. ती काळी सावली कीड वाटते. म्हणून डॉक्टरांनी आरशाने, हाताने तपासायलाच हवं. अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनेही, अशा सॉफ्टवेअरना मान्यता दिली ती डॉक्टरांचे मदतनीस म्हणूनच. मोबाइलवर काढलेल्या दातांच्या साध्या फोटोत तर दोन दातांमधल्या फटीतली कीड सहसा दिसतच नाही.

आणि हो, ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असं म्हणू नका, आजी-आजोबा. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. किडून दुखू लागल्या तर मूल नीट जेवत नाही.

तर चौकट दाखवली की विचारा : कीड इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातच आहे, की त्याच्या आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत पोचली? खड्डा पडलाय का? कीड इनॅमलमध्येच असेल आणि खड्डा नसेल तर बहुधा ड्रिल लागत नाही. फ्लोराइडचं व्हार्निश म्हणजे दातावरचा लेप, रात्रीचं ब्रश आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्या वेळी जुना एक्स-रे सोबत न्या. कीड वाढली की थांबली, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळतं.