थमूदच्या गावात पाहुणे

मंडळी, आजच्या विषयात ‘सौदी अरेबिया’ आणि ‘पर्यटन’ हे शब्द शेजारी शेजारी बघून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्या ओळखीत सौदीला जाणारे बहुतेक दोनच प्रकारचे, हज-उमराहला जाणारे आणि नोकरीला जाणारे. कोकणातल्या कितीतरी घरांत दोन्ही सापडतील. मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंची जहाजं १९९५ पर्यंत जात होती. पण चार दिवस भटकायला म्हणून कोणी सौदीला गेलाय, असं आपण ऐकलं नव्हतं. तशा हौशी माणसाला सरसकट व्हिसा मिळायला लागला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, तोही सुरुवातीला ४९ देशांच्या नागरिकांना.

गंमत अशी, की पाहुण्यांवर जगणं त्या देशाला नवं नाही. १९३२ साली राज्याची स्थापना झाली तेव्हा तेलाचा पत्ता नव्हता. तिजोरीत यायचा तो मुख्यतः यात्रेकरूंचा पैसा. मक्केत ‘मुतव्विफ’ असायचे. अमुक देशाचे यात्रेकरू अमुक घराण्याकडे, त्यांची उतरायची सोय, विधी, वाट दाखवणं सगळं त्यांच्याकडे. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांसारखंच, पिढीजात. त्यातच १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत यात्रेकरू घटले होते, राजा अब्दुलअझीझ कर्जात बुडाला, आणि १९३३ मध्ये त्याने एका अमेरिकन कंपनीला तेल शोधायचा परवाना दिला. १९३८ मध्ये दम्मामची सातव्या क्रमांकाची विहीर लागली. म्हणजे पाहुणे आटले म्हणून तेलाकडे गेलेला हा देश, आता तेलावरचा भार कमी करायला पुन्हा पाहुण्यांकडे वळतोय. एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘व्हिजन २०३०’ या सरकारी आराखड्याचं हे एक मोठं कलम आहे.

आता माझा मुद्दा. दारं गोऱ्या पर्यटकांसाठी उघडली असं आपण समजतो. तारखा नीट लावून बघा. एप्रिल २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार काढून घेतला. एप्रिल २०१८ मध्ये पस्तीसेक वर्षांनी सिनेमागृह उघडलं. जून २०१८ मध्ये बायकांच्या हाती गाडीचं स्टिअरिंग आलं. पर्यटक व्हिसा यानंतर, वर्ष उलटून गेल्यावर. परदेशी पाहुणा रांगेत सगळ्यात शेवटी उभा आहे! पहिला पर्यटक सौदी माणूस स्वतः.

तो आधी कुठे जायचा? बहारीनला. १९८६ मध्ये समुद्रावरून सुमारे पंचवीस किलोमीटरचा किंग फहद पूल झाला आणि सुट्टी लागली की पूर्व सौदीतल्या गाड्यांची त्यावर रांग लागायची. कोणी सिनेमासाठी, कोणी नुसतं बायकोमुलांबरोबर मोकळं बसायला, कोणी पेल्यासाठी. ज्यांना परवडायचं ते दुबई, लंडन गाठायचे. देशातल्या सौदी नागरिकांत तिशीच्या आतले साठ टक्क्यांहून जास्त. त्यांचा पैसा घरातच खर्च व्हावा आणि त्यांना कामही मिळावं, हे खरं गणित. २०२३ मध्ये सरकारने १० कोटींच्या वर पर्यटक झाल्याचं सांगितलं, जे लक्ष्य २०३० साठी ठेवलं होतं. त्यातले परदेशी सुमारे २ कोटी ७० लाख, आणि त्यातही यात्रेकरूंचा वाटा मोठा. बाकी सगळे घरचेच. लक्ष्य लगेच १५ कोटींवर नेलं, ते वेगळं.

पण धर्माचं काय? इथे मला तुम्हाला वायव्येला अल-उलाच्या वाळवंटात न्यायचं आहे. तिथे हेग्रा आहे, अरबीत अल-हिज्र किंवा मदाइन सालेह. वाळूत उभे वालुकाश्माचे डोंगर आणि त्यांत कोरलेली शंभरावर थडगी. जॉर्डनमधलं पेट्रा ज्यांनी कोरलं त्या नबाती लोकांचं हे काम, मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. सौदीतलं हे पहिलं जागतिक वारसा स्थळ, २००८ सालचं. एक थडगं, कस्र अल-फरीद, एकट्या प्रचंड खडकात आहे आणि अर्धवट राहिलंय. वर कळस-पायऱ्या घोटीव, खाली मात्र छिन्नीचे ओबडधोबड घाव. कारागीर वरून खाली कोरत येत, हे तिथे उभं राहिलं की न सांगता कळतं.

परंपरेने मात्र ही जागा थमूद या प्राचीन अरब जमातीची. सालेह पैगंबरांची सांडणी त्यांनी मारली आणि त्यांचा नाश झाला, अशी कुराणातली कथा. तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद इथून गेले तेव्हा त्यांनी सोबत्यांना बजावलं, की शिक्षा झालेल्यांच्या या जागेत जायचं तर रडत जा, नाही तर जाऊ नका. इथल्या पाण्यात मळलेली कणीकसुद्धा त्यांनी उंटांना घालायला लावली. श्रद्धावान माणूस शतकानुशतकं इथून मान खाली घालून, पाय उचलत गेला. आणि एप्रिल २०२१ मध्ये याच थडग्यांच्या साक्षीने इटालियन गायक आंद्रेआ बोचेल्ली ऑपेरा गायला!

माझ्या मते या बदलाचं मर्म इथे आहे. पूर्वीचा निषेध खोटा ठरवण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. माहितीफलकावर नबाती लोकांना पुढे केलं, थमूदना मागे ठेवलं, आणि तिकीट लावलं. वाद घालायचाच नाही, बाजूने रस्ता काढायचा. हुशारीच म्हणायची.

तिथे पाहुण्यांना फिरवणाऱ्या वाटाड्यांत सौदी तरुण मुली आहेत. २०१७ च्या सुमारास सौदी बायकांपैकी शंभरात सतराजणी नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या होत्या. आता हा आकडा पस्तीसच्या आसपास आहे. आणि त्या मुली दाखवतात काय? तिथलं सगळ्यात जुनं, तारीख कोरलेलं थडगं इसवी सनापूर्वी १ सालचं आहे आणि ते बांधून घेणारी बाई आहे! कमकम तिचं नाव. आपल्यासाठी, मुलीसाठी आणि पुढच्या वंशासाठी. लेखात धमकी आहे, की हे कोणी विकलं, गहाण टाकलं, दुसऱ्याला पुरलं तर दुशरा आणि ‘मनात’ या देवतांचा शाप लागेल, शिवाय दंड भरावा लागेल. ‘मनात’ म्हणजे जिचं ठाणं इस्लामच्या आगमनानंतर मोडलं, ती देवी. मूर्तिपूजेला कडाडून विरोध करणाऱ्या परंपरेवर उभं राहिलेलं राज्य आज तिच्या नावाचा दगड जपतंय.

आता कडू भाग, तो टाळला तर मी प्रचारक ठरेन. बायकांना गाडी चालवू द्या म्हणून वर्षानुवर्षं झगडलेल्या लुजैन अल-हथलूलला मे २०१८ मध्ये पकडलं, बंदी उठायला काही आठवडे उरले असताना. ती सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये. मोकळीक मिळाली, पण ती मागणारा तुरुंगात आणि देणारा पोस्टरवर. नियोम या नव्या शहराच्या प्रकल्पासाठी तबूक प्रांतात तांबड्या समुद्राकाठची हुवैतात जमातीची वस्ती उठवली. जमीन सोडणार नाही म्हणणारा अब्दुल रहीम अल-हुवैती एप्रिल २०२० मध्ये सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी मेला. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे नसतं. मालवणातला मच्छीमार असो की तबूकचा बेदुईन, किनाऱ्याला भाव आला की आधी राहणाऱ्याला नोटीस येते. फरक इतकाच, की आपल्याकडे कोर्टात तरी जाता येतं.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘दारू मिळत नाही, मग फिरंगी येईल कशाला?’ काका, मिळत नाही हे बरोबर. १९५२ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये रियाधला एक दुकान उघडलं, ते त्या वेळी फक्त बिगरमुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी. २०३४ च्या फुटबॉल विश्वचषकातही मिळणार नाही, असं त्यांच्या लंडनमधल्या राजदूतांनी सांगून टाकलंय. पण बाकीच्या गोष्टी किती सरकल्या बघा. परदेशी बाईवर अबायाची, म्हणजे अंगभर झग्याची, सक्ती नाही, खांदे-गुडघे झाकले म्हणजे पुरे. परदेशी जोडप्याला हॉटेलात खोली देताना लग्नाचा दाखला मागत नाहीत. नमाजाच्या वेळी दुकानांची शटरं खाली यायची, तीही २०२१ पासून उघडी ठेवता येतात. बाटली सगळ्यात शेवटी सुटेल, कारण बहारीनला जाणारा सौदी बाप मुलाबाळांसाठी सिनेमा मागत होता. पेला तो कधी उघड मागत नव्हता. आणि ज्याची मागणी घरातून उघडपणे येत नाही, ते पाहुण्यासाठी करायची घाई त्यांना नाही.