जहाज नका शोधू, कोर्टाची वही बघा

मंडळी, आधीच कबूल करतो, एका मित्राच्या, आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या मूळपुरुषाचा माग काढायला बसलो तेव्हा पहिले तीन महिने मी नुसतं जहाज शोधत होतो. कुठलं जहाज, कुठल्या बंदरातून सुटलं, कधी लागलं. सगळे नवशिके हेच करतात. हाती काय लागलं? भोपळा. मला वाटलं प्रवाशांची यादी हरवली असेल, पण ती कधी कुणी केलीच नव्हती हे फार उशिरा कळलं.

बघा ना, 1730 च्या आसपास आयर्लंडमधून फिलाडेल्फियाला उतरणारा माणूस हा इंग्लंडच्या राजाचीच प्रजा, म्हणजे एका राजाच्या एका मुलखातून उठून त्याच राजाच्या दुसऱ्या मुलखात आलेला, मग त्याचं नाव कोण कशाला लिहून ठेवेल? जर्मन लोक परके, म्हणून 1727 पासून तिथे उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागायची आणि त्या याद्या आजही आहेत. म्हणून ज्यांचा मूळपुरुष जर्मन ते तोऱ्यात असतात नि आपण आयरिशवाले डोकं धरून बसतो. कप्तानाने प्रवाशांची यादी दिलीच पाहिजे हा अमेरिकेचा कायदा आला 1819 मध्ये आणि याद्या सुरू झाल्या 1820 पासून, तोवर आपल्या माणसाची नातवंडंसुद्धा म्हातारी झालेली.

जहाजं कशी यायची ते मात्र कळतं. अल्स्टरमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्यापासून केलेल्या कापडाचा, धंदा जोरात, पण धागा मऊ हवा म्हणून तिकडचे शेतकरी जवसाचं पीक बी पिकायच्या आधीच उपटायचे, मग पुढच्या वर्षीचं बियाणं कुठून आणणार? ते अमेरिकेतून यायचं. फिलाडेल्फियाहून जवस घेऊन जायचं नि परत येताना रिकामं कशाला यायचं म्हणून माणसं भरायची. बेलफास्ट न्यूज-लेटर हा पेपर 1737 पासूनचा, त्यात अशा जहाजांच्या जाहिराती असत. नावं जहाजाची आणि कप्तानाची, प्रवाशांची नाहीत!

मग माणूस सापडतो कुठे? जिथे त्याला काहीतरी हवं होतं तिथे. व्हर्जिनियात नियम होता की जो स्वखर्चाने वसाहतीत आला त्याला डोईमागे 50 एकर जमिनीचा हक्क. पण तो सिद्ध करायचा कोर्टात, शपथेवर. आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. मे 1740, व्हर्जिनियातल्या ऑरेंज काउंटीचं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) कोर्ट. अलेक्झांडर ब्रेकेनरिज नावाचा गृहस्थ उभा राहतो आणि शपथेवर सांगतो की मी स्वतःला नि माझ्या कुटुंबाला स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून ह्या वसाहतीत आणलंय, आणि जमिनीसाठी हा हक्क मी पहिल्यांदाच सांगतोय. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं, कारण त्यावरनं कळतं की एकाच बायकोपोरांवर दोनदा जमीन उपटणारे महाभाग तेव्हाही असणार. कोर्टाच्या क्लार्कने घरच्यांची नावं एकेक करून लिहून घेतली. म्हणजे मार्ग मिळाला, बंदर मिळालं, आख्खं कुटुंब मिळालं, आणि जहाजाचा पत्ताच नाही! ह्याच अलेक्झांडरचा मुलगा रॉबर्ट, रॉबर्टचा मुलगा जॉन हा राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, आणि त्या जॉनचा नातू जॉन सी. ब्रेकिनरिज 1857 मध्ये अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष, वय अवघं 36. आता स्पेलिंगकडे लक्ष द्या, मी आधी ब्रेकेनरिज म्हणालो, नंतर ब्रेकिनरिज. क्लार्कच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, म्हणून एकाच स्पेलिंगवर सर्च करून गप्प बसू नका.

दुसरी गंमत काउंटीची. ही मंडळी राहायची शेनांडोआ खोऱ्याच्या बाजूला, ती ऑगस्टा काउंटी. ती कागदावर झाली 1738 मध्ये, पण तिचं कोर्ट बसलं 1745 मध्ये, तोवर सगळं काम ऑरेंजला. लोक ऑगस्टाची रेकॉर्ड उलथीपालथी करतात आणि म्हणतात आमचा माणूस नाहीच. अहो, तो शेजारच्या वहीत आहे.

आणि तारखा! 1752 पर्यंत इंग्रजांच्या राज्यात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. त्यामुळे समजा एखाद्याचं मृत्युपत्र फेब्रुवारी 1739 मध्ये कोर्टात दाखल झालेलं दिसतं नि तोच माणूस नोव्हेंबर 1739 मध्ये जमीन विकत घेताना दिसतो. भूत नाहीये ते, तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने 1740 चा. मी एकदा ह्याच घोळात बाप आणि मुलगा असे दोन माणूस तयार केले होते, मित्राने वंशवेल फ्रेम करून भिंतीवर लावलीसुद्धा, मग ती उतरवताना जे काही ऐकून घ्यावं लागलं ते जाऊ दे.

आता प्रत्येकाचा प्रश्न असतो, आयर्लंडमधलं गाव कोणतं? इथे खरी अडचण आहे. 30 जून 1922 ला, तिकडच्या यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स ह्या न्यायालयाच्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि तिथलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सरकारी दफ्तरखाना, जळालं, मृत्युपत्रं, चर्चची बरीच रजिस्टर, जुन्या शिरगणत्या, बहुतेकांची राख. पण रजिस्ट्री ऑफ डीड्स दुसऱ्या इमारतीत, ती वाचली, तिथे 1708 पासूनचे जमिनीचे नि भाडेपट्ट्याचे दस्त आहेत. मात्र कॅथलिकांना 31 वर्षांपेक्षा लांबचा पट्टा घ्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून त्यात प्रोटेस्टंट जास्त भेटतात. तुमचा माणूस कॅथलिक असेल तर फार आशा ठेवू नका.

अलेक्झांडरच्या त्या कोर्टातल्या शपथेत गाव नाही. क्लार्कला जमिनीशी मतलब, त्याने नुसतं आयर्लंड लिहिलं नि पुढच्याला हाक मारली. मी आता काय करतो सांगू, तो पुढचा कोण होता ते बघतो. ही माणसं सहसा एकटी यायची नाहीत, सोयरे, शेजारी, एका चर्चची माणसं अशी पाठोपाठ यायची. म्हणून आपल्या माणसाच्या आधी नि नंतर ज्यांनी शपथ घेतली त्यांची नावं वहीत उतरवून घ्यायची, त्यांची मृत्युपत्रं काढायची, आणि बघायचं की त्यातल्या एखाद्याने मरताना आयर्लंडमधल्या बहिणीला चार पौंड ठेवलेत का आणि ती कुठे राहते ते लिहिलंय का. मित्राच्या मूळपुरुषासाठी मी सध्या अकरा शेजाऱ्यांपैकी सातव्यावर आहे.