सात घरांचा चौक

(पहाटेचा चौक. गाडी मागे घेतल्याचा आवाज.)

सकाळचे सहा वाजलेत आणि ही गाडी निघालीय ती ऑफिसला नाही, कौलांना जागा करून द्यायला. आज समोरच्या काकूंच्या घराची कौलं उतरणार, रचायला चौक मोकळा पाहिजे, म्हणून दादांनी काल रात्रीच सांगून ठेवलं होतं की मी पहाटे गाडी काढतो, तुम्ही बिनघोर झोपा. दादांच्या स्वतःच्या घरावर स्लॅब आहे, एक कौल नाही, तरी आज सुट्टी टाकून थांबलेत.

हे सीबीडी बेलापूर, सेक्टर 8, आर्टिस्ट व्हिलेज. मागे डोंगर. पावसात इथला धबधबा बघायला आख्ख्या नवी मुंबईतून पोरं येतात, वस्तीत मात्र कोणी डोकावत नाही, आलेच तर आर्किटेक्चरचे विद्यार्थी वह्या घेऊन. त्या विद्यार्थ्यांना काकू चहा देतात आणि सांगतात, भिंती नंतर काढा रे, आधी चौकात बसा जरा.

(चौक वरून. ड्रोनचा शॉट.)

वरून बघा म्हणजे कळेल. मधली मोकळी जागा मोजून 8 मीटर बाय 8 मीटर, आणि तिच्याभोवती सात घरं. असे तीन चौक एकत्र आले की 21 घरं, त्यांच्या मध्ये थोडा मोठा चौक, 12 बाय 12 चा. तसे तीन मोठे चौक मिळून आणखी मोठी जागा. साधारण साडेपाचशे कुटुंबांची वस्ती अशी गुंफलीय, आणि मधून डोंगराचं पाणी वाहून न्यायला ओढा ठेवलाय.

ही कल्पना आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची. 1964-65 च्या सुमारास प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर ज्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा असं मांडलं तेच हे, पुढे 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, झाली तेव्हा सुरुवातीची वर्षं तिचे मुख्य आर्किटेक्टही तेच. आर्टिस्ट व्हिलेजचं काम 1983 ते 86 मधलं. प्लॉट 45 पासून 75 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे गरीब आणि बऱ्या घरच्यात फार अंतर पडू नये असं बघून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजाऱ्याची आणि आपली भिंत एक नाही. फक्त संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून जोडीने, पाइप वाचावेत म्हणून, बाकी प्रत्येकाच्या भिंती स्वतःच्या. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने खोली वाढवावी, माडी चढवावी, कोणाची परवानगी मागत शेजाऱ्याच्या दारात उभं राहायला नको. घरं अशी साधी की गावाकडचा गवंडी आणि सुतार बांधू शकेल.

काकू म्हणतात, "आम्हाला घर नाय दिलं, घराची सुरुवात दिली."

(काकू ओट्यावर, तांदूळ निवडताना.)

काकू मूळच्या संगमेश्वरकडच्या. 1987 ला इथे आल्या तेव्हा एक खोली, पुढे ओटा आणि वर कौलं. त्या वर्षी रेल्वे नव्हती, मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली 1992 ला, तोवर सगळं बसवर. पहिल्या पाच वर्षांत पोटमाळा झाला, मग मागची खोली, मग वरची माडी, आणि प्रत्येक वेळी गवंडी बाहेरचा असला तरी विटा वाहायला चौक. काकूंच्या मिस्टरांनी समोरच्यांची खोली बांधायला रविवार दिले, समोरच्यांनी यांच्या पोटमाळ्याला. पैशांचा हिशोब वहीत होता, रविवारांचा कोणी ठेवला नाही. कोकणात याला सावड म्हणतात, घाटावर इर्जिक, शब्द कुठलाही घ्या.

आणि ही जमीन मोकळी पडली होती असं नव्हे, हेही इथेच सांगायला पाहिजे. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, आगरी-कोळ्यांच्या भाताच्या, मिठागरांच्या. जानेवारी 1984 ला जासई आणि दास्तान फाट्यावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. दिवाळे कोळीवाड्याची मावशी अजून टोपली घेऊन या चौकात येते, काकू तिला ओट्यावर बसवून पाणी देतात मगच भाव करतात. काकू म्हणतात गावकी चालवायची कशी हे आम्ही या मावशीकडून शिकलो, गावात कोणाकडे मयत झाली की लाकडं कोण आणणार ते ठरलेलं असतं, तसं आपल्या चौकात काय ठरलंय ते आधी बघा.

(शिडी लागते. पहिलं कौल उतरतं.)

आता कामाकडे येऊ. मे महिना सरत आलाय, आठ-दहा दिवसांत पाऊस. इथे पाऊस म्हणजे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, एक कौल सरकलेलं असलं तरी खाली गादी भिजते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कौलं परतायची. वर एकच माणूस चढतो, वजनाने हलका, अनवाणी. तो पाय कौलाच्या मधोमध कधीच देत नाही, खाली रीप, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, जिथे आहे तिथेच देतो, नाहीतर कौल चटकन फुटतं. आढ्यावरची कौलं पहिली निघतात, मग वरून खाली एकेक ओळ. कौल वरच्याच्या हातातून शिडीवरच्याच्या हातात, तिथून खालच्याच्या, तिथून रचणाऱ्याच्या. चार माणसं लागतातच, तीनमध्ये शिडी रिकामी पडते.

काकूंचा हात बघा. प्रत्येक कौल त्या बोटाच्या पेराने वाजवतात. टणटणीत आवाज आला तर डावीकडे, बद्द आला तर उजवीकडे. तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. मग नारळाच्या काथ्याने शेवाळ घासायचं, खाचेत अडकलेली माती खिळ्याने काढायची, कारण पाणी त्या खाचेतूनच वाहतं, ती बुजली की पाणी उलटं घरात. रिपा उघड्या पडल्या की सुतारकाका प्रत्येक रिपेला हातोडीने टोकतात, वाळवी लागलेली रीप आवाजात पोकळ लागते. आज पाच रिपा बदलल्या. सुतारकाका मागच्या चौकातले, वय झालंय, शिडी चढत नाहीत, खुर्ची टाकून खालूनच सांगतात.

(इथे निवेदन नाही. कौलं वाजवल्याचा आवाज राहू दे.)

कौलं वाजवता वाजवता काकू बोलत असतात, आणि त्यांची मतं पक्की आहेत.

पहिलं, पालिकेबद्दल. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली, त्याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो नंबर रोज सकाळी ओला-सुका वेगळा करणाऱ्या बाया आणि गाडीवरच्या कामगारांनी आणलाय असं त्या ठासून सांगतात. पण चौकातलं गटार आपण साफ केलं म्हणून पालिकेची सुटका झाली असं अजिबात नाही. टॅक्स भरतो तर काम मागायचंच, लेखी मागायचं, पोच घ्यायची. एकदा ओढ्यातला गाळ काढायला अर्ज दिला होता एका ऑफिसात, चार महिने खेटे घातले, शेवटी पावसाच्या आठवडाभर आधी चौकाने फावडी उचलली. तरीसुद्धा दुसऱ्या वर्षी काकू परत अर्ज घेऊन गेल्या. दोन्ही करायचं, त्या म्हणतात, अर्जपण आणि फावडंपण.

दुसरं, फोनबद्दल. ग्रुपवर कचऱ्याचा फोटो टाकला की वाटतं काम झालं. चौकात हाक मारली की माणूस दारात येतो, त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणणं जड जातं. म्हणून काकू मेसेज करत नाहीत, ओट्यावर येऊन हाक मारतात. आजच्या कामाचं निमंत्रणपण असंच गेलं.

तिसरं, गेट. मध्ये कोणीतरी सुचवलं होतं की चौकाच्या तोंडाला गेट लावून वॉचमन ठेवू. काकूंनी विचारलं, कोळीण आत कशी येणार, शाळेतून येणारी पोरं शॉर्टकट कुठून मारणार, आणि मला रात्री बरं वाटलं नाही तर वॉचमनला हाक मारू की वहिनींना? गेट झालं नाही. मला व्यक्तिशः वाटतं तेव्हाच हा चौक वाचला.

एकट्याने सगळं करतो म्हणणारा माणूस पावसाळ्यात बघावा, असं काकू म्हणतात, आणि त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे कारण मिस्टर गेल्यावर माडीचं कर्ज त्यांनी शिवणकाम करून एकटीने फेडलंय. पैसे एकटीने फेडले, पण हप्ता भरायला बसने जायचं तेव्हा मूल कोणाकडे होतं ते त्या आधी सांगतात.

(स्लॅबची घरं, मग पुन्हा कौलं.)

या चौकातल्या सातपैकी चार घरांवर आता तीन मजले आणि स्लॅब आहे, ऊन खालपर्यंत कमी येतं, गाड्या वाढल्या आणि पोरं खेळायला मोठ्या चौकात जातात.

स्लॅबवाल्यांना काकू नावं ठेवत नाहीत. घर वाढवा म्हणूनच तर दिलं होतं, पोरांची लग्नं झाली, त्यांनी वाढवलं. त्या चार घरांची जुनी कौलं उतरली तेव्हा भंगारात जाऊ न देता सगळी इथे संडासामागे रचून ठेवली, दादांच्या घराचीसुद्धा. आज काकूंच्या छपरावर जी बदली कौलं चढतायत ती दादांच्या घरावरची आहेत, आणि वर चढवून देतोय तो दादांचा मुलगा. पहिल्यांदाच चढलाय. सुतारकाका खालून ओरडतात, "पाय रिपेवर, रिपेवर!"

(मुलाचे पाय, जवळून.)

दुपारी दीडला आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं. जेवण चौकातच, आमटी-भात आणि सुक्या बोंबलाची चटणी, सात घरांतून सात भांडी आलेली. मग ताई-वहिनींनी झाडू मारला, फुटकी कौलं ओढ्याच्या कडेला चिखल होतो तिथे पसरली, आणि दादांनी गाडी परत आणायच्या आधी पोरांना दहा ओव्हर खेळू दिल्या.

उरलेली कौलं काकूंनी स्वतः मोजली. संडासाच्या भिंतीवर दर वेळचा आकडा खडूने लिहिलेला असतो, पुसट झाला की परत गिरवतात. मागच्या वेळचा 41. त्याच्या खाली त्यांनी आज लिहिलं, 26.