आधी ढाबळ, मग कुत्रा

नमस्कार मंडळी.

पक्ष्यावर काम करणाऱ्या कुत्र्याचं शिक्षण, असा विषय बाहेर फलकावर लिहिलाय. कुत्र्याबद्दल मी बोलणारच आहे, पण जास्त बोलणार ते कबुतरांबद्दल. माझ्याकडं पोरं पॉइंटरचं पिल्लू घेऊन येतात आणि विचारतात, ‘काका, याला कसं शिकवू?’ मी म्हणतो, पिल्लू राहू दे, तुझी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, कुठं आहे ते सांग. ढाबळ नसेल तर सहा महिने पिल्लाला हाक मारली की यायला आणि थांब म्हटलं की थांबायला शिकव, आणि तेवढ्यात ढाबळ उभी कर.

कारण सांगतो. पॉइंटर, सेटर, जर्मन शॉर्टहेअर ही कुत्री नाकावर चालतात. वाऱ्यावर पक्ष्याचा वास आला की चालता चालता जागच्या जागी गोठतात. नाक वासाकडं, शेपूट ताठ, कधी पुढचा एक पाय उचललेला. हे पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांच्या रक्तात उतरवलेलं आहे, ते आपण शिकवत नाही. आपण शिकवायचं ते त्याच्या पुढचं: पक्षी उडाला तरी जागा सोडायची नाही. आणि हे माणसापेक्षा पक्षीच चांगलं शिकवतो. कुत्रा पुढं सरकला की पक्षी फडफडत वर गेला पाहिजे, दरवेळी, न चुकता. चार-सहा वेळा असं झालं की पुढं घुसून हाती काही लागत नाही हे कुत्र्याला कळतं.

आता हाच पक्षी अशक्त असला, पंखाची पिसं झडलेला असला, आणि कुत्र्यानं झडप घालून तो धरला, तर? कुत्रा त्या क्षणी बरोबर उलटं शिकला. पक्षी तर गेलाच, वर महिनाभराची मेहनत गेली. म्हणून मी म्हणतो, कुत्रा बिघडतो तो बहुतेक वेळा मैदानात नाही, ढाबळीत बिघडतो. ज्याला कबूतर नीट सांभाळता येत नाही, त्यानं पॉइंटर पाळू नये.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो, कारण आपल्या भागात शिकारीच्या गोष्टी अजून मिशीला पीळ देऊन सांगितल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर, लावा, मोर या सगळ्यांना संरक्षण आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे; पकडणं, सापळा लावणं, हाकून काढणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलंय. त्याआधीचा १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात कोंडलेले प्राणी सोडून त्यांच्यावर नेमबाजीची स्पर्धा करणं गुन्हा आहे, आणि करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून बांधणं-कोंडणं हाही गुन्हा आहे. परदेशात कबुतरावर शिकलेला कुत्रा पुढं बंदुकीबरोबर रानात जातो. आपल्याकडं ती वाट बंद आहे, आणि ती बंद आहे हे मला मनापासून योग्य वाटतं. मग शिकवायचं कशाला? कारण नाकाचा कुत्रा काम न देता दारात बांधून ठेवला तर तो झुरतो, अंगण उकरतो, कोंबड्यांच्या मागं लागतो. त्याला वास शोधू द्या, शोधल्यावर उभं राहू द्या, पक्षी उडू द्या आणि आपल्या घरी जाऊ द्या. यात कुणाचाच जीव जात नाही आणि कुत्र्याचं काम पुरं होतं.

शेजारी मुधोळ असल्यामुळं एक प्रश्न हमखास येतो: मुधोळ कुत्र्याला हे शिकवता येईल का? मुधोळ नजरेवर धावणारा कुत्रा आहे. हललेलं दिसलं की त्यानं सुटायचं, हाच त्याचा धर्म. त्याला कबुतरांसमोर शांत बसायला जरूर शिकवा, पण वासावर गोठून उभं राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणं अन्याय आहे.

आता ढाबळ. आपल्याकडचा मृग लागला की पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून ढाबळीचं तोंड पूर्वेला ठेवा. सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. जमिनीपासून कमरेइतकी उंच करा, म्हणजे ओल लागत नाही आणि उंदीर, मुंगूस, धामण यांना सहज वाट मिळत नाही. खानापूरच्या बाजूला छपराची वळचण हातभर पुढं काढावी लागते. अथणीकडं पाऊस कमी, तिथं उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून कौलं बरी. थंडीनं कबूतर मरत नाही, ओलीनं मरतं. विष्ठा रोज काढा, पण कोरडी खरवडू नका. आधी थोडं पाणी शिंपडा आणि तोंडाला फडकं बांधा. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की कबुतरवाल्याला कोरडा खोकला आणि धाप लागते. हा फुप्फुसाचा खरा आजार आहे, डॉक्टरला दाखवावा असा.

पक्षी होमर जातीचेच घ्या. लक्का दिसायला देखणा, गिरेबाज उंच उडणारा, पण आपल्याला हवा तो सरळ घर गाठणारा. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: विकत आणलेला मोठा होमर कधीच मोकळा सोडायचा नाही. कोल्हापूरहून आणलेली जोडी तुम्ही निपाणीत सोडलीत तर ती कोल्हापूर गाठायला बघणार. त्या जोड्या आतच ठेवायच्या. त्यांची पिल्लं ती आपली.

मादी पहिलं अंडं बहुधा संध्याकाळी घालते, दुसरं एक दिवस सोडून दुपारी. मग सुमारे १८ दिवस उबवणं. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, बाकी सारा वेळ आणि रात्रभर मादी. पिल्लू निघालं की पहिले काही दिवस नर-मादी दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध त्याला भरवतात. हे दूध नरालाही येतं, आणि मला याचं अजून नवल वाटतं. आठवड्याच्या आत-बाहेर पायात कडी घालायची, नंतर पाय मोठा होतो आणि कडी चढत नाही. महिन्याभरात पिल्लू स्वतः दाणा टिपायला लागतं.

इथून तुमचं काम सुरू. नवी पिल्लं आधी जाळीच्या पिंजऱ्यात ढाबळीच्या छपरावर बसवा, चार-पाच दिवस. त्यांना आजूबाजूची घरं, नारळाची झाडं, रस्ता बघू दे. दारावर आत ढकलल्या जाणाऱ्या पण बाहेर न उघडणाऱ्या तारा लटकवा, म्हणजे पक्षी कधीही आत येऊ शकतो. मग दाणा देण्याआधी, उपाशीपोटी सोडा. डबा वाजवला की आत यायची सवय इथंच लागते. ज्वारी, मका, गहू आणि थोडा हरभरा किंवा वाटाणा, एका पक्ष्याला दिवसाला ३०-४० ग्रॅम पुरे. सोबत विटेचा आणि शिंपल्याचा चुरा हवा, कबुतराला दात नाहीत, दाणा त्याच्या पोटातल्या खड्यांनी दळला जातो. घराभोवती घिरट्या पक्क्या झाल्या की एक किलोमीटर, मग दोन, मग पाच, चारी दिशांनी.

मैदानावर नेण्याआधी प्रत्येक पक्षी हातात घ्या. दोन्ही पाय पहिल्या दोन बोटांच्या मधे, अंगठा पाठीवरून मिटलेल्या पंखांवर, छाती दुसऱ्या हाताच्या तळव्यावर. छातीचं मधलं हाड चाचपा. सुरीसारखं टोचलं तर पक्षी वाळलाय, दोन्ही बाजूंना भरीव मांस लागलं तर ठीक. पंख उघडून बाहेरची दहा मोठी पिसं बघा. नवी फुटत असतील तर त्याला सुट्टी. चोच उघडून बघा, घशात पिवळं दह्यासारखं काही दिसलं तर वेगळा ठेवा. मान वाकडी होत असेल, हिरवी पातळ विष्ठा असेल तर मानमोडीची शंका धरा आणि त्या दिवशी एकही पक्षी बाहेर काढू नका. अंड्यावर बसलेला किंवा पिल्लं भरवणारा पक्षी तर कधीच न्यायचा नाही.

मैदान म्हणजे आपलं स्वतःचं, ज्वारी काढलेलं, बांधावर गवत असलेलं रान. दोरी ओढली की झाकण उघडून पक्षी वर जाईल असा पिंजरा गवतात ठेवा. कुत्र्याला लांब दोर लावून, वारा त्याच्या तोंडावर येईल असा आणा. बघा, आधी त्याचं डोकं एकदम वळतं, मग चाल मंदावते, मग अंगातून एक थरथर जाते आणि तो उभा राहतो. गप्प राहा. एक शब्द बोलू नका. तो उभा आहे तोवर पिंजरा बंद. त्यानं पाऊल टाकलं की त्याच क्षणी दोरी ओढा. पण कुत्रा पिंजऱ्याच्या पंधरा-वीस पावलांच्या आत असताना झाकण उघडू नका, कोवळ्या पिल्लाच्या तोंडासमोर पक्षी उसळला तर ते पक्ष्यालाच भिऊ लागतं. कबूतर एक गिरकी घेतं आणि ढाबळीकडं वळतं. कुत्रा बघत राहिला की जवळ जाऊन पाठीवर हळू हात फिरवा.

काही जण कबुतराचं डोकं पंखाखाली घालून, गरगर फिरवून, गुंगी आणून गवतात ठेवतात. काही पंखाची पिसं उपटतात किंवा पंख बांधतात. हे करू नका. पक्ष्याचे हाल तर होतातच, शिवाय गुंगलेला पक्षी उशिरा उठतो आणि कुत्र्याच्या तोंडी लागतो. विहिरीतले, देवळाच्या शिखरावरचे पारवे धरून आणणंही नको. ते तुमच्या ढाबळीत परतणार नाहीत, आणि रोग मात्र आणतील.

मागून एका ताईंनी विचारलंय, शिक्रा आला तर? शिक्रा येतोच, हिवाळ्यात ससाणाही येतो. त्यांना दगड मारायचा नाही, त्यांनाही तेच संरक्षण आहे. सोडायच्या वेळा बदलत राहा, रोज ठरलेल्या वेळी पक्षी निघाले की शिक्रा झाडावर वाटच बघत बसतो. आणि दाट धुकं असेल तर पक्षी सोडू नका, खानापूरकरांनी हे विशेष पाळावं.

दुसरा प्रश्न, संध्याकाळी कामावरून आल्यावर सराव केला तर चालेल का? कुत्र्याचा चालेल, कबुतराचा नाही. कबूतर अंधारात उडत नाही. उशिरा सोडलेला पक्षी वाटेत कुणाच्या तरी छपरावर रात्र काढतो आणि तिथं मांजर किंवा घुबड त्याला गाठतं. एका पक्ष्याला दिवसात एकदाच सोडा, आणि दुपारी तीनच्या पुढं एकही नाही. आठवडाभर संध्याकाळी कुत्र्याला नुसतं थांबणं, हाकेला येणं, दोरावर चालणं शिकवा. रविवारी सकाळी ऊन वर आलं की टोपलीत चार कबुतरं घ्या आणि रानात जा. घरी आल्यावर आधी ढाबळीत जाऊन ती चारही आली का ते मोजा, पाणी बदला, दाणा टाका, आणि मग कुत्र्याला जेवायला घाला.