मतपत्रिकेवर पक्ष छापलेला नसतो तेव्हा

मित्रहो, अमेरिकेतला मतदार उमेदवाराची पारख कशी करतो, हा आजचा विषय. तो निघाला की पाठोपाठ एक गोष्ट हमखास निघते. १९६० साली अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, डेमोक्रॅटिक पक्षाचे केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे निक्सन, यांची वादसभा झाली, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले, टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. तात्पर्य, मत चेहऱ्याला पडतं. ज्यांनी ही गोष्ट कधीच ऐकलेली नाही त्यांनी हात वर करा. बघा, एकही हात नाही! म्हणून आधी तिचाच हिशेब करू.

चित्राचा भाग खरा आहे. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतला सीबीएस या वाहिनीचा स्टुडिओ. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोला निक्सन यांचा गुडघा गाडीच्या दारावर आपटला, जखम चिघळली आणि ऐन प्रचारात त्यांना जवळपास दोन आठवडे वॉल्टर रीड रुग्णालयात काढावे लागले. वजन उतरलं होतं, शर्टाची कॉलर ढिली पडली होती. अंगात फिकट राखाडी सूट आणि मागची भिंतही फिकट राखाडी. कृष्णधवल पडद्यावर माणूस उठूनच दिसेना. व्यवस्थित मेकअप त्यांनी नाकारला होता. दाढीचे खुंट झाकायला लेझी शेव्ह नावाची पावडर लावली होती, तिच्यावरून दिव्यांच्या उष्णतेत घाम ओघळू लागला. केनेडी गडद सुटात होते. या मालिकेत एकूण चार वादसभा झाल्या. तिसरीच्या वेळी तर निक्सन लॉस एंजेलिसमध्ये आणि केनेडी न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे दोघे एका खोलीतही नव्हते. पण चारांपैकी आपल्या स्मरणात राहिली ती फक्त पहिली.

आता रेडिओकडे येऊ. या अर्ध्या गोष्टीचा मुख्य आधार म्हणजे सिंडलिंगर नावाच्या कंपनीची एक टेलिफोन पाहणी. तिच्यात रेडिओवर वादसभा ऐकलेले २८२ जण सापडले आणि कोण जिंकलं हे त्यांच्यापैकी फक्त १७८ जणांनी सांगितलं. आकडा लहान आहे, पण खरी अडचण पुढेच आहे. १९६० मध्ये दहातल्या जवळपास नऊ अमेरिकन घरांत टीव्ही होता. मग रेडिओ ऐकणारे कोण उरले? त्यांत खेड्यापाड्यांतले प्रोटेस्टंट जास्त असण्याची दाट शक्यता, आणि कॅथलिक केनेडींबद्दल तिथे आधीपासूनच अविश्वास होता. वादसभेपूर्वी या श्रोत्यांचा कल कुठे होता, हे कळल्याशिवाय आवाजाने त्यांचं मत बनवलं असं म्हणता येत नाही. व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्येच हा आधार किती कच्चा आहे ते दाखवून दिलं. तरी वर्गांमधून, वर्तमानपत्रांमधून ही गोष्ट तशीच पुढे जाते, याचं मला मनापासून दुःख होतं.

मग चित्राचा परिणाम होतच नाही का? होतो. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी या वादसभेची माहिती नसलेल्या १७१ जणांपैकी काहींना चित्रफीत दाखवली आणि काहींना नुसता आवाज ऐकवला. चित्र पाहणाऱ्यांमध्ये केनेडी जिंकले म्हणणारे जास्त निघाले, आणि निवाडा करताना त्यांनी उमेदवाराच्या सचोटीला अधिक वजन दिलं. पण वादसभा कोणी जिंकली हा एक प्रश्न झाला, आणि मत कोणाला द्यायचं हा दुसरा. त्या साली कॅथलिक मतदारांपैकी जवळपास चार पंचमांश केनेडींकडे गेले, तेही सुटाचा रंग पाहून नव्हे.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर नावाशेजारी पक्ष छापलेला असतो आणि बहुतेकांची पारख तिथेच संपते. २०१६ मध्ये सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, ३४ जागांवर निवडणूक झाली. ज्या राज्यात अध्यक्षपदासाठी जो पक्ष जिंकला, तिथली सिनेटची जागाही त्याच पक्षाने जिंकली, सगळ्या ३४. २०२० मध्ये मेन राज्याच्या सुसान कॉलिन्स हा एकच अपवाद. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन असे चार.

उमेदवाराची खरी पारख पाहायची तर पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत, म्हणजे प्रायमरीत जायला हवं. तिथे एका पक्षाच्या रकान्यात सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे ती खूण निरुपयोगी ठरते. आपले बेळगावचे श्री ठाणेदार घ्या. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी पदरचे लाखो डॉलर खर्चून टीव्हीवर जाहिराती केल्या. ती प्रायमरी ते हरले, तिसरे आले, पण नाव घरोघरी पोचलं. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहासाठी, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघात, डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. दुसरी फेरी नसते, सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचं पारडं जड असलेल्या त्या मतदारसंघात पुढची नोव्हेंबरची लढत नावापुरतीच होती. ओळखीचं नाव आणि विरोधकांची फाटाफूट, दोन्हींचा हिशेब धरल्याशिवाय हा निकाल उलगडत नाही. मिशिगनमध्ये मतदाराला प्रायमरीत एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा कराव्या लागतात. दोन्हींकडे केल्या तर पक्षांच्या विभागातलं मत बाद होतं.

अमेरिकेत कित्येक राज्यांत न्यायाधीशही मतदारच निवडतात, आणि त्यांचं तर याहून अवघड. मिशिगनमध्ये नोव्हेंबरला पक्षाच्या नावापुढचा एक गोल भरला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं, पण न्यायाधीश पक्षविरहित विभागात असतात आणि तिथे तो गोल लागू होत नाही. कित्येक जण तो विभाग कोराच सोडतात. जे भरतात त्यांच्या हाती पदावरच्या न्यायाधीशाच्या नावाखाली छापलेलं पदनाम सोडलं तर फारसं काही नसतं. ओहायोमध्ये नावांचा क्रम मतदान केंद्रागणिक फिरवतात, म्हणून तिथे क्रमाचा परिणाम मोजता आला. १९९२ च्या मतांवर मिलर आणि क्रॉस्निक यांनी काम केलं, तेव्हा पहिल्या नावाला सरासरी सुमारे अडीच टक्के अंकांचा फायदा दिसला, आणि पक्ष छापलेला नसेल तिथे तो ठळक होता. म्हणून अशा चुरशीच्या लढतीचा निकाल हाती आला की जाहिराती आणि भाषणांच्या आधी विचारा: या मतदारसंघात नावांचा क्रम फिरवला होता का, आणि नसेल तर पहिलं नाव कोणाचं होतं?