सिनेमा बघा, मग भांडा

(सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला दिलेला विषय ‘विद्यार्थी आणि राजकारण’ असा आहे. सुरुवात मात्र मी सिनेमापासून करतो. तुम्ही राजकारणावर बोलायला बिचकता, घरून तशी ताकीदच असते. सिनेमावर बोलताना तुम्हाला कुणाची भीती नसते.

भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून तुमच्यापैकी बरेच जण रोज जात असतील. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली आपल्या सोलापुरात जन्मले आणि 1942च्या डिसेंबरात चीनमध्ये वारले. वय अवघं बत्तीस. पुढे 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर हिंदी चित्रपट काढला, कोटणीसांची भूमिका स्वतः केली, आणि हा डॉक्टर देशभर पोचला. तो चित्रपट जरूर बघा. बघून झाल्यावर मात्र एक प्रश्न विचारा: 1938 साली आपणच पारतंत्र्यात होतो, तरी जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनला कोटणीसांसह पाच डॉक्टर पाठवावेत असं काँग्रेसला का वाटलं? सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. या पथकासाठी त्यांनी आणि नेहरूंनी पुढाकार घेतला. दुसऱ्या देशावरचा हल्ला हा आपलाही प्रश्न आहे, ही त्यामागची राजकीय समज होती. ती वगळली तर कोटणीस फक्त एक भला डॉक्टर उरतात, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

आणखी थोडं मागे जा. मे 1930मध्ये याच शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला होता. 12 जानेवारी 1931ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. लष्करी कायदा लागला तेव्हा कोटणीस एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या मुलांच्या वयाचे. ही चार नावं सलग म्हणून बघा. सगळं सोलापूर त्यांत येतं. एका चित्रपटापासून निघालो आणि चार हुतात्म्यांपर्यंत आलो. मला अभिप्रेत असलेलं शिक्षण ते हेच.

आता आजचं बोलू. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरांतली मुलं घरी तेलुगू बोलतात, वर्गात मराठी लिहितात, मित्रांशी हिंदीत गप्पा मारतात. अक्कलकोटकडून येणाऱ्या कितीतरी मुलींची घरची भाषा कन्नड आहे. इतक्या भाषांतले चित्रपट मूळ भाषेत समजणारा वर्ग महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळणार नाही. तरी वर्गात ही मुलं गप्प बसतात, आपलं मराठी शुद्ध नाही म्हणून. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलीची आई दिवसभर विड्या वळते, तिला मजुरी, दलाल, पान-तंबाखूचं वजन याबद्दल जे ठाऊक आहे ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. पडद्यावर कामगार बाई दिसली तर ती खरी की खोटी, हे ती मुलगी माझ्यापेक्षा आधी ओळखेल. तिला बोलतं करणं हे आमचं, प्राध्यापकांचं काम आहे.

करमाळ्याकडची बोली चित्रपटात ऐकली तेव्हा आपल्या जिल्ह्याला काय वाटलं, ते 2016 साली ‘सैराट’च्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांनी शिकत असताना केलेल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. मला ती गोष्ट जास्त मोलाची वाटते.

विद्यापीठाबद्दलही बोललं पाहिजे. 2004पर्यंत आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले होतो. मग एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, ही मोठी गोष्ट झाली. पुढे नावाचा प्रश्न आला. कुणाला अहिल्यादेवींचं नाव हवं होतं, कुणाला सिद्धेश्वरांचं. 2019 साली अहिल्यादेवींचं नाव लागलं. दोन्ही नावं आदराचीच. पण वसतिगृह, ग्रंथालयाची वेळ, सांगोल्याहून येणाऱ्या मुलीची शेवटची एस.टी. यांवर तशी आग्रहाची मागणी मला कधी ऐकू आली नाही.

ती करणार कोण? महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका 1994च्या कायद्यानं गेल्या आणि प्रतिनिधी गुणांवरून नेमले जाऊ लागले. 2016च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, पण अंमलबजावणी रखडली. निवडणुकांत मारामाऱ्या होत होत्या हे खरं. तरी अठरा वर्षांचा मुलगा आमदार निवडू शकतो आणि वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही, हे मला पटत नाही. निवडणुका होतील तेव्हा होवोत. चारचौघांत मत मांडायची, विरोधी मत ऐकून घ्यायची सवय तोवर मोडता कामा नये.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका शनिवारी एक चित्रपट दाखवा आणि नंतर तासभर चर्चा ठेवा. प्राध्यापकांनी शेवटी बोलावं. सुरुवात कोटणीसांवरच्या चित्रपटानं करा. दुसरा तेलुगू असू द्या. तो पूर्व भागातल्या मुलांनी निवडावा आणि त्याची ओळखही त्यांनीच करून द्यावी, त्यांना येतं तशा मराठीत. प्राचार्यांशी मी बोललो आहे. सभागृह मिळेल. प्रोजेक्टरचं तेवढं बघावं लागेल.